माझ्याऐवजी मरायला ठेवलेला मासा

मासा बकेटीत होता, बकेट गॅलरीत होती आणि गॅलरीत मे महिन्याचं भर दुपारचं ऊन होतं. बकेटीत पाणी जेमतेम चार बोटं. माशाच्या अंगाला हिरवी जाळी गुंडाळलेली आणि तिचा दांडा बकेटीबाहेर आलेला. जाळीसकट त्याला माशांच्या काचेच्या पेटीतून काढलं होतं, जाळीसकट बकेटीत टाकलं होतं आणि दार ओढून घेऊन सगळे आत कूलरसमोर जाऊन बसले होते.

मी पोटातल्या कळेनं पलंगावर पडले होते. ठप्प, ठप्प असा आवाज येत राहिला. आधी वाटलं, शेजारीण कपडे धोपटते आहे. मग आठवलं, या कॉलनीत आता कोणीच कपडे धोपटत नाही. भिंतीला धरत उठले आणि गॅलरीचं दार उघडलं.

"ईनबाई, तुम्ही कायले उठल्या?" मागून सुनेची आई म्हणाली.

"याले इथं कोणं टाकलं?"

माझा मुलगा कचेरीत हाताखालच्या माणसांना दिवसभर बोलतो. घरात तो कूलरच्या जाळीकडे बघत बसला होता.

"मारून नाई राह्यलो आम्ही," विहीणबाई म्हणाल्या. "तिथं ठेवला फक्त. जायचा असंन तं जाईन आपोआप. उद्या तुमचं ऑपरेशन हाय."

म्हणजे उद्या मी मरू नये म्हणून आज तो मरायचा होता. हे माझ्या घरातल्या शिकलेल्या माणसांनी बसून ठरवलं होतं. मी चौथी शिकले. मला विचारायची कोणाला गरज वाटली नाही, आणि माशाला तर नाहीच.

ही माशांची पेटी घरात आली ती मुलाची बढती अडली तेव्हा. विहीणबाईंनी उमरखेडहून एक वास्तुवाला पाठवला. त्यानं होकायंत्र घेऊन खोल्यांतून फेऱ्या मारल्या, दोनदा चहा घेतला आणि सांगितलं, ईशान्येला माशांची पेटी ठेवा. आठ मासे सोनेरी, एक काळा. सोनेरी मासे पैसा आणतात. काळा घरावरचं संकट आपल्या अंगावर घेतो आणि मरतो. तो मेला की समजायचं, काहीतरी मोठं टळलं, आणि दुसरा काळा आणायचा.

म्हणजे घरात एक नोकर ठेवायचा आणि त्याचं काम मरणं. मी तसं म्हटलं तेव्हा वास्तुवाला हसला. त्याला वाटलं, मी कौतुक केलं.

मुलगा यवतमाळच्या बाजारातल्या दुकानात गेला तर काळा मासा संपलेला. दुकानदारानं त्याला वेगळाच मासा दाखवला. बोटाएवढा, चपट्या डोक्याचा, काचेला तोंड लावून चिकटलेला. "हा बी कायाच हाय साहेब," तो म्हणाला. "सकर म्हणते याले. काच साफ करते, खाली पडलेली घाण खाते, वरून खायला काई मागत नाई." एकाच माशात संकटाची आणि साफसफाईची दोन्ही कामं होतात म्हणून मुलगा खूश होऊन आला. मासा काळाही नव्हता. करपलेल्या भाकरीसारखा तपकिरी, अंगभर ठिपके. वास्तुवाल्यानं फोनवर फोटो पाहिला आणि चालेल म्हणाला. त्याला काय, काहीही चाललं असतं.

खायला मागत नाही म्हटल्यावर त्याला कोणी खायला दिलं नाही. काचेवरची हिरवट शेवाळ त्यानं थोड्याच दिवसांत चाटून संपवली. नंतर सोनेरी माशांच्या तोंडून निसटलेले दाणे शोधत तो तळाशी फिरायचा. तरी वाढत होता आणि शेवयांसारखी लांबच लांब विष्ठा टाकत होता. सून कपाळाला हात लावायची. "साफसफाईसाठी आणला, न हाच सगळ्याईत जास्त घाण करते."

मग एका रविवारी मुलानं पेटी साफ करायला घेतली. सगळं पाणी फेकलं. कपडे धुवायची पावडर घालून काच घासली, तळातले रंगीत खडे घासले. त्या दिवशी नळ आलेला होता, पाण्याला ब्लीचिंगचा वास येत होता. तेच पाणी सरळ नळीनं पेटीत भरलं. पेटी आरशासारखी चकाकली. संध्याकाळपर्यंत तीन सोनेरी मासे कुशीवर झाले. ठिपक्यांचा मासा मात्र वर जाऊन हवेचा घोट घ्यायचा आणि खाली यायचा. असं करत तो जगला.

विहीणबाईंना फोनवर कळलं तेव्हा त्यांचा हिशेबच बिघडला. "काया जित्ता, न सोनेरी मेले? उलटं झालं बाई हे." तीन नवे सोनेरी आणले. पुढंही सोनेरी मरत गेले आणि दर वेळी आठ पुरे केले. ज्यानं मरायचं तो मरत नव्हता.

एक दिवस सकाळी सून चहा टाकायला उठली आणि तिथूनच ओरडली. एका जाड सोनेरी माशाच्या कुशीला हा चिकटला होता. तो हलला तेव्हा खाली पांढरा, सोललेला डाग दिसला. "रक्त पिते हा," सून म्हणाली. दिवसभर घरात तेच. शेवटी मुलानं खालच्या मजल्यावरच्या बाईंना वर बोलावलं. त्या कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवून निवृत्त झालेल्या.

या बाई कोणाकडे चहा घेत नाहीत. खुर्चीवर बसायच्या आधी खुर्चीकडे बघतात. त्या पेटीसमोर उकिडव्या बसल्या आणि आम्ही सगळे पहिलीत असल्यासारखं बोलू लागल्या.

"तोंड बघा. डोक्याच्या खाली, वाटीसारखं. अंगावर खवले नाहीत, हाडाच्या चकत्या आहेत, ओळीनं लावलेल्या, चिलखतासारख्या. नाकावर मिशांचे कोंब आहेत का? नाहीत. असते तर वीतभराच्या आत थांबणारी जात निघाली असती." त्यांनी काचेवर नखानं टिचकी मारली. माशानं पाठीवरचं पर पंख्यासारखं उघडलं. "आता याच्या काड्या मोजा."

सुनेनं मोजल्या. दहाच्या वर भरल्या.

"मग तुम्ही सकर म्हणता तो हा मोठ्या जातीचा प्लेको. हातभर होतो. तुम्हाला बोटभर दाखवून विकला."

"हातभर?" मुलगा म्हणाला.

"जगला तर."

त्याचा डोळाही त्यांनी दाखवला. उजेड पडला की बुबुळावर वरून एक पडदा उतरतो आणि काळी बाहुली घोड्याच्या नालेसारखी उरते. ते मात्र मी दिवसभर शेजारी बसूनही पाहिलं नव्हतं.

"हा रक्त पीत नाही," बाई म्हणाल्या. "भुकेला आहे. त्याचे दात खरवडण्यासाठी आहेत. खायला मिळालं नाही की दुसऱ्या माशाच्या अंगावरचा बुळबुळीत थर खरवडतो. याला भाजी द्या. काकडी, लौकी, उकळत्या पाण्यातून काढून. चघळायला जुनं लाकूड ठेवा. दिवसा दडून बसायला आडोसा करा. पाणी एका वेळी पावच बदला, तेही रात्रभर उघडं ठेवलेलं. आणि याला जाळीनं कधी धरू नका. परांचे काटे ताठ होतात आणि जाळीत अडकतात. डब्यानं धरायचं."

"एवढं माहीत आहे तर तुमच्या घरी मासे काहून नाई?" मी विचारलं.

"मला घाण आवडत नाही," त्या म्हणाल्या आणि चहा न घेता गेल्या.

मुलाला कचेरी, सुनेच्या शिकवण्या. तेव्हा माशाचं करायचं माझ्यावर आलं. आमच्या बाभुळगावच्या शेतावर मी म्हशी सांभाळल्या, बैल सांभाळले. जनावराला वेळेवर खायला द्यायचं आणि त्याच्याकडून कौतुकाची अपेक्षा करायची नाही, एवढंच त्यात असतं. शेतावरून आंब्याची वाळून जुनी झालेली फांदी आणवली, उकळली आणि पेटीत टाकली. पाणी कोऱ्या चहासारखं झालं. सून म्हणाली, पाहुण्यांना नालीचं पाणी वाटेल. मी म्हटलं, पाहुण्यांना इथं पोहायचं आहे का? फुटक्या माठाचं खापर पालथं घालून त्याला घर करून दिलं. काकडी पाण्यावर तरंगते, म्हणून ती जुन्या स्टीलच्या चमच्याला टोचून तळाशी सोडायची. सकाळी सालीचं हिरवं कडं तेवढं उरलेलं असायचं.

मासा म्हणून तो बघण्यासारखा अजिबात नाही. दिवसभर खापराच्या आत, बाहेर फक्त शेपटी. माणूस आला की ती पण आत. पण त्यानं सोनेरी माशांना खरवडणं थांबवलं. माणूस पोटभर खाल्लं की दुसऱ्याला खरवडत नाही असं लिहिणार होते, पण ते खोटं आहे. मी पोटभर खाऊन खरवडणारी माणसं पुष्कळ पाहिली.

हे असं दीड-दोन वर्षं चाललं. मासा माझ्या तळव्यापेक्षा मोठा झाला. मुलाची बढती झाली नाही ती नाहीच.

मग माझं पोट दुखायला लागलं. पित्ताच्या पिशवीत खडे निघाले आणि पिशवी सुजलेली. डॉक्टर तरुण होता पण सरळ बोलला. वय झालंय, साखर आहे, थोडा धोका आहे, पण पिशवी काढावीच लागेल. मला ते पटलं. घरच्यांना त्यातलं 'धोका' एवढंच ऐकू आलं. तारीख ठरली त्याच संध्याकाळी विहीणबाई मोठी सुटकेस घेऊन मदतीला आल्या.

मदत म्हणजे त्यांनी माझ्या स्वयंपाकघरातले डबे हलवले आणि माशाची काकडी बंद केली.

"आता त्याच्या कामाची वेळ आली, ईनबाई," त्या म्हणाल्या. "आमच्या घरचा काया मेला, न त्याच हप्त्यात यांची बस नालीत गेली. सगळी बस आडवी. यांच्या खांद्याचं हाड मोडलं फक्त."

"बसमंधले बाकीचे?"

"त्याईले बी लागलं थोडंथोडं."

"त्याईच्या घरी बी मासे होते काय?"

त्यांना ते पटलं नाही. मी पेटीत काकडी सोडायची. मी पलंगावर पडले की त्या ती चमच्यासकट काढायच्या आणि केराच्या डब्यात टाकायच्या. सून दोघींच्या मध्ये उभी राहायची आणि दोघींकडे बघायची. माशाला त्याचं काही नव्हतं. तो लाकूड खरवडत बसायचा. "मेला मरतच नाई," विहीणबाई म्हणायच्या. माझ्या आजारपणात सगळ्यांत जास्त त्रास त्यांना त्याचाच झाला.

मला त्या माशाचा लळा लागला होता असं कोणी समजू नये. माझं म्हणणं वेगळं होतं. मी ऑपरेशनातून उठले असते आणि मासा मेलेला असता, तर पुढचं सगळं आयुष्य विहीणबाईंनी मला ऐकवलं असतं की तुमच्याऐवजी तो गेला. माझा जीव एका माशाच्या आणि त्यांच्या उपकारावर चालला असता. आणि मासा जगून मी मेले असते, तर माझ्या मुलानं, तो आहे तसा असल्यामुळे, जन्मभर मानलं असतं की तेव्हा मासा मारला असता तर आई वाचली असती. दोन्ही गोष्टी मला चालणार नव्हत्या. आम्ही दोघांनीही जगायला हवं होतं, म्हणजे हा विषय संपला असता.

आणि ऑपरेशनच्या आदल्या दिवशी दुपारी त्यांनी त्याला उन्हात टाकलं.

"कैची आण," मी मुलाला म्हटलं.

"आई, तू पड न. मी काढतो." त्यानं जाळीचा दांडा धरून ओढलं. माशाच्या काट्यात जाळी आणखी रुतली. मासा करकरला. मासा आवाज करतो हे मला तेव्हा कळलं.

"ओढू नको. बाईनं काय सांगितलं होतं तुले? आणि पेटीतलं पाणी आण, नळाचं नको."

तो मगभर पाणी घेऊन आला, मग आणखी. बकेट सावलीत ओढली. मी गॅलरीच्या उंबऱ्यावर बसले. पोटात सुरी फिरल्यासारखं होत होतं. ओल्या दुपट्ट्यानं माशाचं डोकं दाबलं आणि काट्याच्या भोवतीनं जाळीचे धागे एकेक कापत गेले. मुलानं मदत म्हणून बोट घातलं. काटा त्याच्या बोटात गेला आणि रक्त आलं.

"आदल्या दिवशी घरात रक्त," विहीणबाई आतून म्हणाल्या.

"उद्या याहून जास्त निघन," मी म्हटलं. "तुम्ही येऊ नका पाहाले."

सून रडत होती. मला वाटलं आईच्या बाजूनं रडते आहे. ती माझ्याजवळ बसली आणि म्हणाली, "आई, तुम्ही गेल्या तं मी काय करू? तुमच्यासाठीच करून राह्यलो न आम्ही हे सगळं." तिला खरंच भीती वाटत होती. ही पोरगी बारा वर्षं माझी बोलणी खात आली आणि मी गेले तर काय करू म्हणते.

"माझ्यासाठी करायचं तं बकेट धर," मी म्हटलं. तिनं धरली.

उजवा काटा मोकळा झाला. डाव्याला जाळीचा एक तुकडा राहिला, तो आणखी खोल गेला असता म्हणून सोडून दिला. पेटीत ठेवल्यावर मासा तळाशी एका कुशीवर टेकला. गालफडं भराभर हलत होती. खापरात जायची ताकद त्याच्यात नव्हती.

"ईनबाई, तुम्ही जिवावर उदार झाल्या," विहीणबाई म्हणाल्या.

"जीव माझाच हाय न."

दुसऱ्या दिवशी पहाटे उपाशीपोटी मला दवाखान्यात नेलं. निघताना मासा तसाच कलता होता. मी मुलाला सांगितलं, पाणी बदलू नको, त्याला हात लावू नको, संध्याकाळी काकडी सोड. त्यानं मान हलवली. तो माझ्यापुढंही आणि सासूपुढंही मानच हलवतो, म्हणून मी त्यावर विश्वास ठेवला नाही.

ऑपरेशन झालं. शुद्धीवर आले तेव्हा घसा कोरडा होता आणि शेजारच्या खाटेवरची बाई आपल्या सुनेला नावं ठेवत होती, त्यावरून कळलं की मी अजून इथंच आहे. डॉक्टरनं माझे खडे बाटलीत घालून दिले. मुलगा भेटायला येईल त्याला ती बाटली दाखवायचा, जसे काही त्यानंच काढले.

विहीणबाई रोज यायच्या. माशाबद्दल एक अक्षर नाही. इतक्या बोलक्या बाईनं तेवढंच बोलू नये, याचे मला दोनच अर्थ दिसत होते. मासा मेला आहे आणि मी उठून बसायची त्या वाट बघताहेत, किंवा मासा जिवंत आहे आणि त्यांना लाज वाटते आहे. लाज मी त्यांच्याकडे कधी पाहिली नव्हती. मुलालाही मी विचारलं नाही. विचारलं असतं तर त्यांना वाटलं असतं, म्हातारी माशासाठी झुरते. पण टाके ओढत असताना मी पडल्यापडल्या पुढच्या वर्षांचं बोलणं ऐकून घेतलं. सणाला, लग्नात, पाहुण्यांपुढे. यांच्याऐवजी तो गेला म्हणून.

घरी आले. हळूहळू चालत पेटीपाशी गेले. पेटी रिकामी. पाणी पिवळं आणि तळाशी कुंकवाचा लाल गाळ बसलेला.

"पूजा केलती," सून हळू आवाजात म्हणाली. "ऑपरेशन सुरू होतं तेव्हा. आईनं हळदकुंकू वाह्यलं, गोमूत्र टाकलं. सोनेरी आठही गेले."

"आणि तो?"

तिनं नवऱ्याकडे बघितलं. विहीणबाई आत आपली सुटकेस भरत होत्या. मुलानं मला न्हाणीघरात नेलं. पाणी साठवायचा निळा ड्रम होता, त्याचं झाकण त्यानं सरकवलं. पाणी स्वच्छ. तळाशी माझं खापर, चमच्याला टोचलेली काकडी आणि खापराबाहेर ती शेपटी.

"कधी हलवला?"

"तुले दवाखान्यात सोडून आलो, न पह्यले हेच केलं. पेटीतल्या पाण्यासकट. डब्यानं." त्यानं दाराकडे बघितलं आणि आवाज खाली केला. "ह्या पूजा करू म्हणत होत्या. म्हटलं, काई झालं तं तू उठून मले सोडणार नाई. तो कुठं गेला विचारलं त्याईनं, तं म्हटलं, मले मालूम नाई."

"दवाखान्यात काहून नाई सांगितलं?"

"त्या बसल्या होत्या न तिथं."

माझ्या भीतीनं का होईना, आयुष्यात एकदा त्यानं सासूच्या पाठीमागे काहीतरी केलं. मी त्याला झाकण नीट लाव म्हटलं, हे मासे उडी मारतात.

विहीणबाई दुपारच्या बसनं उमरखेडला गेल्या. सोनेरी मासे आठही मेले. तो जगला, आणि मी जगले.